लागेल कधीतरी!

गॅरेज म्हणजे जिच्यात गाडी नसते ती खोली. ही व्याख्या कुठल्या कोशात सापडणार नाही, पण अनुभवाला शंभर टक्के उतरते. घराचा नकाशा काढताना आर्किटेक्ट त्या चौकोनात मोठ्या प्रेमाने एक चिमुकली मोटार काढून दाखवतो. वास्तुशांत होते, आणि महिन्याभरात त्या चौकोनात उरलेल्या फरशा, रंगाचे अर्धे डबे, एक लंगडी शिडी आणि ‘लागेल कधीतरी’ या सदरात मोडणाऱ्या असंख्य वस्तू मुक्कामाला येतात. गाडी बाहेर गुलमोहराखाली उभी राहते आणि कावळे तिच्यावर आपली मतं नोंदवतात.

शब्द मूळचा फ्रेंच. ज्या क्रियापदावरून तो आला त्याचा अर्थ आडोशाला, सुरक्षित जागी नेऊन लावणे. म्हणजे गॅरेजचा मूळ धर्म आसरा देण्याचा. आता तो गाडीलाच द्यावा असं थोडंच आहे?

जगातलं सर्वात नामांकित गॅरेज कॅलिफोर्नियात, पालो आल्टो गावी, ३६७ अ‍ॅडिसन अ‍ॅव्हेन्यूच्या मागच्या अंगाला आहे. बारा फूट बाय अठरा फूट. १९३८ साली डेव्हिड पॅकार्ड आणि बिल ह्यूलेट या दोन तरुण इंजिनियरांनी तिथे खुडबुड सुरू केली. १ जानेवारी १९३९ ला रीतसर भागीदारी केली आणि कुणाचं नाव आधी हे नाणं उडवून ठरवलं. भांडवल ५३८ डॉलर, आणि तेवढ्यातच एक वापरलेलं ड्रिल मशीनही धरलेलं. कॉमर्सचा पदवीधर म्हणून मला हा आकडा फार आवडतो. रोकड आणि जुनं यंत्र एका बेरजेत घालणारा माणूस आमच्या बँकेत कर्ज मागायला आला असता, तर त्याला आम्ही चहासुद्धा विचारला नसता. यंत्रांना दिलेला रंग पक्का करायला ही मंडळी घरातला ओव्हन वापरत. पॅकार्डबाईंना त्याबद्दल काय वाटत होतं, हे माझ्या वाचनात आलेलं नाही. इतिहास बहुतेक नवऱ्यांनी लिहिला असावा. पुढे १९८७ साली कॅलिफोर्निया राज्याने त्या गॅरेजला ऐतिहासिक स्थळ ठरवलं. २००० साली कंपनीने ती जागाच विकत घेतली आणि २००५ मध्ये ते गॅरेज जुन्या रूपात सजवून ठेवलं.

आमच्या दाजींचं चिंचवडचं गॅरेज याहून लहान आहे. दहा बाय सोळा. राज्य सरकारने अजून दखल घेतलेली नाही. ताईने मात्र घेतली आहे.

दाजी चौतीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. निवृत्त झाल्यावर टूलरूम त्यांच्याबरोबर घरी आली. गॅरेजमध्ये एक बाक, बाकाला व्हाइस, एक ग्राइंडर, एक ड्रिल मशीन आणि भिंतीला टेकून उभे पाइप. फळ्यांवर श्रीखंडाचे रिकामे डबे. ताईच्या संसारात किती श्रीखंड खाल्लं गेलं, याचा तो एकमेव लेखी पुरावा. एका डब्यात वॉशर, एकात स्क्रू, एकात कानशीचे तुकडे, आणि उरलेल्या अकरा डब्यांत सगळं थोडं थोडं. दारातून बाकापर्यंत जायला एक पाऊलवाट आहे. ती दाजींच्या बांध्याची आहे. माझ्यासारख्या बैठ्या नोकरीवाल्याला आडवं होऊन जावं लागतं.

“अरे, तू बँकेतला ना? मग याचा एकदा ताळेबंद मांडून दे,” असं ताई मला दर दिवाळीला म्हणते.

ताळेबंद मांडायला माझी हरकत नव्हती. आमच्या शास्त्रात प्रत्येक रकमेला एक खातं असतं. ज्या रकमेचं खातं सापडत नाही तिच्यासाठी सस्पेन्स खातं असतं. ही सोय नसती तर अर्ध्या बँका संध्याकाळी बंदच होऊ शकल्या नसत्या. पण दाजींच्या गॅरेजात मामला उलटा. तिथे सस्पेन्स खात्यातच सगळी उलाढाल आणि बाकीची खाती नावाला. तुटक्या छत्रीच्या काड्या कुठल्या खात्यात घालणार? ‘लागेल कधीतरी!’ आणि पंचाईत अशी, की त्या खरोखरच लागतात. मिक्सरचं बटण अडकलं तेव्हा दाजींनी त्यातल्याच एका काडीने ते सोडवलं आणि वर्षभर ती काडी सगळ्यांना दाखवली.

ताईची बाजू घेताना मला एका वाफेच्या इंजिनवाल्याची आठवण होते. दाजींची बाजू घेतानाही त्याचीच होते. जेम्स वॉट.

वॉटचं नाव घेतलं की लोकांना किटलीचं झाकण आठवतं. झाकण सोडा. ग्लासगो विद्यापीठाने १७६३ च्या सुमारास न्यूकोमेनच्या इंजिनाचं एक छोटं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला दिलं. त्या इंजिनात एकच नळकांडं आधी वाफेने तापायचं आणि मग आतली वाफ निववायला त्यातच गार पाणी मारायचं. पुढच्या फेरीला ते पुन्हा तापवा. कोळसा जळतोय बदाबदा आणि काम होतंय चमचाभर. १७६५ साली वॉटला सुचलं की निववण्यासाठी वेगळं भांडं ठेवावं. गरम ते गरम राहू दे, गार ते गार. १७६९ साली त्याने पेटंट घेतलं. आता नीट पाहिलं तर हा गॅरेज लावण्याचाच सिद्धांत आहे. ज्या त्या कामाला त्याची त्याची जागा द्या, की इंधन वाचतं. ताई गेली तीस वर्षं हेच सांगते आहे, फक्त तिला पेटंट मिळालं नाही.

आम्हा कारकुनांवर तर वॉटचे थेट उपकार आहेत. १७८० साली त्याने पत्रांची नक्कल काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. खास शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबायचा, म्हणजे अक्षरं त्यावर उमटत. उमटत उलटी, पण कागद इतका पातळ की मागून सुलट वाचता येत. पुढे शंभराहून अधिक वर्षं कचेऱ्यांतून ही पद्धत चालली. ‘कॉपी फाइलला लावा’ या मंत्राचे एक ऋषी वॉटसाहेबच.

हा जागेचं महत्त्व ओळखणारा माणूस १८०० साली निवृत्त झाला आणि त्याने काय केलं? जे दाजींनी केलं तेच. बर्मिंगहॅमजवळ हँड्सवर्थला हीथफील्ड नावाचं त्याचं मोठं घर होतं. त्या घराच्या माळ्यावर, छपराखालच्या एका ठेंगण्या खोलीत त्याने बस्तान मांडलं. उन्हाळ्यात भाजणारी आणि हिवाळ्यात गारठणारी खोली. लेथ, हत्यारं, बरण्या, रसायनं, प्लॅस्टरचे मुखवटे आणि मूर्तीवरून हुबेहूब मूर्ती कोरणारी दोन यंत्रं. एक मूळ आकाराची नक्कल करणारं, दुसरं लहान आकाराची. म्हातारपणीही गडी नकलाच काढत होता.

माळाच का? त्याची दुसरी बायको अ‍ॅन हिला टापटिपीचा भारी सोस. सॅम्युअल स्माइल्स या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे, की तिने आपल्या दोन पग कुत्र्यांनाही घरात येण्याआधी पायपुसण्याला पाय पुसायला शिकवलं होतं. नवऱ्याचा चामड्याचा अ‍ॅप्रन आणि काळे हात तिला बघवत नसत. कुत्री सुधारली, नवरा माळ्यावर गेला. तिथे शेगडी होती आणि खिळ्याला तवा. काम रंगलं की साहेब जेवणही वरच करून घेत. दाजींच्या गॅरेजातही चहाची एक किटली आहे, ती का आहे हे मला स्माइल्स वाचून कळलं.

ऑगस्ट १८१९ मध्ये वॉट वारला आणि त्या खोलीला कुलूप लागलं. किती वर्षांचं? शतकाहून जास्त. मधे काही मोजक्या लोकांनी ती पाहिली. स्माइल्सने पाहिली तेव्हा लेथवर शेवटचा तुकडा तसाच होता, चुलीत शेवटची राख होती आणि तवा आपल्या खिळ्याला होता. तोवर फक्त एकदा झाडू फिरला होता म्हणे. ताईला हे वाक्य मी वाचून दाखवलेलं नाही. १९२४ साली ती खोली उचलून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये नेली. दार, खिडकी, छपरातली झरोक्याची काच, जमिनीच्या फळ्या आणि ८,४३० वस्तू. तीन वर्षांनी ते घरही पाडलं गेलं. २०११ पासून ती खोली पुन्हा लोकांसाठी मांडलेली आहे.

आठ हजार चारशे तीस! हा आकडा वाचून माझ्यातला कारकून प्रथम सद्गदित झाला आणि मग जरा गप्प झाला. कारण वॉट जिवंत असताना या वस्तूंची यादी कुणी केली नव्हती, आणि त्याला गरजही नव्हती. यादी त्याच्या डोक्यात होती. हात पुढे केला की कानस हाताला लागत असणार. तो गेला त्या दिवशी खोलीतली एकही वस्तू हलली नाही, पण व्यवस्था गेली आणि पसारा उरला. पसारा आणि व्यवस्था यांत फरक एवढाच, की मालक घरात आहे की नाही.

हे मला लंडनला जाऊन कळलेलं नाही. गेल्या वर्षी दाजी आठवडाभर दवाखान्यात होते. पहिले तीन दिवस अतिदक्षता विभागात. नेमका तेव्हाच गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळायला लागला. प्लंबर म्हणाला, याचा पान्हा माझ्याकडे नाही, साहेबांकडे होता. ताई गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि तशीच परत आली. तीन दिवस खाली बादली लावली. पान्ह्याविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण पान्हा कुठे आहे हे विचारायचं ते कुणाला, असा तो प्रश्न होता. चौथ्या दिवशी दाजी साध्या खोलीत आले. सलाइनचा हात न हलवता म्हणाले, “वरून दुसरी फळी, डावीकडून पाचवा डबा, त्याच्या मागे सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेला.” होता!

त्यानंतर मात्र गॅरेज लावायचं ठरलं. भाचा चाकणच्या एका कारखान्यात आहे. तिथे ‘फाइव्ह एस’ म्हणून जपानी पद्धत चालते. सेइरी म्हणजे नको ते बाहेर काढणे, सेइतोन म्हणजे हवं ते जागेवर मांडणे, सेइसो म्हणजे सफाई, सेइकेत्सु म्हणजे हे सगळं एका ठरावीक पद्धतीत बसवणे आणि शित्सुके म्हणजे ती पद्धत अंगी मुरवणे. ताई म्हणाली, यातले चार माझ्या सासूबाई रोज करत, जपानला न जाता. भाचा लाल चिठ्ठ्या घेऊन आला. ज्या वस्तूचा उपयोग सांगता येत नाही तिला लाल चिठ्ठी. दुपारपर्यंत गॅरेजला गोवर आला.

दाजींनी मग स्वतःच तोडगा काढला. भिंतीवर प्लायवूडचा फळा ठोकला, प्रत्येक हत्यार त्यावर टांगलं आणि त्याच्या कडेने खडूने, मग रंगाने रेघ मारली. पक्कड काढली की भिंतीवर पकडीची आकृती उरते. कोण गैरहजर आहे ते न विचारता कळतं. अमेरिकेत ज्युलिया चाइल्ड या पाककलेच्या लेखिकेच्या स्वयंपाकघरात तिच्या नवऱ्याने, पॉलने, तवे-पातेल्यांसाठी अशाच आकृती भिंतीवर काढल्या होत्या. ते अख्खं स्वयंपाकघर २००१ साली स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेलं. श्रीखंडाचे डबे जाऊन काचेच्या बरण्या आल्या, म्हणजे आतलं बाहेरून दिसतं. रोज लागणारं हाताच्या अंतरावर, महिन्याने लागणारं वरच्या फळीवर, वर्षाने लागणारं माळ्यावर. प्रत्येक बरणीला चिठ्ठी, आणि ती ताईच्या अक्षरात. ही अट माझी. खातेदाराच्या सहीचा नमुना दुसऱ्या कुणाकडे तरी असावा, हा बँकेचा नियम आहे. आता व्हॉल्व्हचा पान्हा ताई अंधारातही काढून देते.

आणि सस्पेन्स खातं? ते मी बंद होऊ दिलं नाही. एकच डबा, एकाच मापाचा. तो भरला की नवीन टाकण्याआधी जुनं काढायचं. दाजींनी हात जोडून आभार मानले आणि छत्रीच्या काड्या सर्वांत आधी जमा केल्या.

वॉटच्या खोलीतली एक वस्तू सांगायची राहिली. तिथे केसाळ कातड्याने मढवलेली एक पेटी होती. तिच्यात हत्यारं नव्हती. त्याचा मुलगा ग्रेगरी १८०४ साली, सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेला. त्याची शाळेची पुस्तकं, पहिलं गिरवलेलं अक्षर, लहानपणी काढलेली लढायांची चित्रं आणि कॉलेजच्या वह्या म्हाताऱ्याने त्या पेटीत जपल्या होत्या. खाली टापटिपीच्या घरात जागा पुष्कळ होती. पेटी वर होती, लेथ जिथे होता तिथे.

भाच्याने लावलेल्या लाल चिठ्ठ्यांपैकी एक बाकाखालच्या तीनचाकी सायकलला होती. सायकलला चाकं दोनच उरलेली. “बाबा, ही कुणाची?” भाच्याने विचारलं. दाजी कानस पुसत राहिले. “तिसरं चाक करायचंय,” एवढंच म्हणाले, “पस्तीस वर्षं झाली, सवड नाही मिळाली.” ताईने पुढे होऊन चिठ्ठी सोलून काढली, पदराने सीट पुसली आणि सायकल स्वतःच्या हाताने वरच्या फळीवर ठेवली.

“हिची नोंद कुठल्या खात्यात करू?” मी विचारलं.

“तू जेवायला चल,” ताई म्हणाली.