कॅमेऱ्याचे ओझे कोणाच्या पाठीवर?

#थ्रेड

१/ २९ जुलै १८६३ रोजी सिमल्याहून एक तांडा सतलजच्या खोऱ्याकडे निघाला. त्यात सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार होता आणि त्याच्या सामानासाठी सुमारे ३० हमाल होते. १२ ऑक्टोबरला तो परतला तेव्हा त्याच्याजवळ १४७ निगेटिव्ह होत्या. हिमालयाच्या आरंभीच्या उत्कृष्ट छायाचित्रांत त्यांची गणना होते. ही चित्रे ज्या पाठींवरून डोंगर चढली आणि उतरली, त्या पाठींचा इतिहास हा या थ्रेडचा विषय आहे.

२/ प्रथम मनुष्याविषयी. बोर्न (१८३४–१९१२) हा नॉटिंगहॅममधील बँकेत नोकरीला होता. छायाचित्रणाचा छंद वाढत गेला, तेव्हा नोकरी सोडून १८६३ मध्ये तो हिंदुस्थानात आला. सिमल्यात त्याने विल्यम हॉवर्डशी भागीदारी केली. पुढे चार्ल्स शेफर्ड येऊन मिळाला. ‘बोर्न अँड शेफर्ड’ या नावाने ती पेढी कोलकात्यात थेट २०१६ पर्यंत टिकली.

३/ एका माणसाच्या छायाचित्रणासाठी ३० माणसे कशाला लागत? याचे उत्तर त्या काळच्या रसायनात आहे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ‘ओल्या प्लेट’ची पद्धत प्रसिद्ध केली. स्वच्छ काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य ओतायचे, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि लगेच अंधारात तिच्यावरील चित्र प्रकट करायचे.

४/ हे सारे साधारण १० ते १५ मिनिटांत उरकावे लागे. लेप सुकला की काच निकामी होई. म्हणून जिथे छायाचित्र घ्यायचे, तिथेच अंधारखोली हवी. डोंगरात ती नेण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे तंबू. बोर्नचा तंबू छत्रीसारखा उघडे व मिटे. आत द्रावणाचे भांडे, बाटल्या, तबके आणि धुण्यासाठी स्वच्छ पाणी. थोडक्यात, एक सबंध प्रयोगशाळाच मुक्कामागून मुक्काम हिंडत असे.

५/ दुसरे कारण आकाराचे. त्या काळी निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून उन्हात छाप काढीत. लहान निगेटिव्हवरून मोठे चित्र काढणे व्यवहारात क्वचितच जमे. म्हणून जेवढे चित्र हवे तेवढीच काच, आणि तेवढ्या काचेला पुरेल एवढा कॅमेरा. बोर्न मुख्यतः १२ × १० इंचांच्या काचा वापरी.

६/ थोडा हिशेब करून पाहावा. १२ × १० इंचांची, दोन मिलिमीटर जाडीची एक काच सुमारे ४०० ग्रॅम भरते. म्हणजे अशा १०० काचांचे वजन सुमारे ४० किलो, आणि त्यात खाचांच्या लाकडी पेट्यांचे वजन धरलेले नाही. त्याशिवाय लाकडी कॅमेरा, पितळी भिंगे, तिपाई, तंबू, रसायनांच्या पेट्या. आणि साहेबाचा बिछाना, शिधा व दारूगोळा वेगळाच.

७/ ओझ्याचा प्रश्न केवळ वजनाचा नव्हता. कलोडियन म्हणजे इथर आणि अल्कोहोल यांत विरघळवलेला बंदुकी कापूस. ठिणगी पडताच पेटणारा. चित्र स्थिर करण्यासाठी अनेक छायाचित्रकार पोटॅशियम सायनाइड वापरीत, आणि ते जहाल विष. ही द्रव्ये बाटल्यांत भरून, त्या पेट्यांत बसवून, घसरड्या पायवाटांवरून माणसाच्या पाठीवर चढवली जात. हमालाचा पाय सरकला तर त्याचा जीव धोक्यात, आणि साहेबाची कित्येक दिवसांची मेहनत वाया.

८/ इतरत्र लोकांनी काय केले? रॉजर फेंटन १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला, तेव्हा त्याने मद्यविक्रेत्याची एक घोडागाडी विकत घेऊन तिचीच अंधारखोली केली. सोबत पाच कॅमेरे, ७०० काचा आणि ३६ पेट्या होत्या. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात विल्यम हेन्री जॅक्सनने खेचरे वापरली. त्यांतील एकाचे नावच ‘हायपो’, म्हणजे चित्र स्थिर करणाऱ्या रसायनाचे!

९/ आल्प्समध्ये मात्र माणसेच लागली. १८६१ मध्ये ऑगस्त-रोझाली बिसाँ याने माँ ब्लाँच्या शिखरावर तीन छायाचित्रे घेतली आणि त्यासाठी २५ हमाल नेले. म्हणजे तीन चित्रांमागे २५ माणसे! जिथे चाक चालत नाही आणि खेचराचा पाय टिकत नाही, तिथे ओझे अखेर माणसाच्या पाठीवर येते, हा नियम युरोपातही होता. फरक होता तो माणसे मिळवण्याच्या रीतीत.

१०/ हिमालयातील ती रीत म्हणजे ‘बेगार’. मराठी वाचकाला ‘वेठ’ म्हटले की लगेच उमजेल. जुन्या इनामी सनदांत वेठबेगार माफ केल्याचे उल्लेख येतात, ते ज्या सक्तीविषयी असतात तीच ही. डोंगरी संस्थानांत रयतेने राजाचे ओझे वाहावे असा जुना दंडक होता. इंग्रजांनी तो मोडला नाही. उलट आपल्या अधिकाऱ्यांच्या व प्रवाशांच्या सोयीसाठी त्याचा विस्तार केला.

११/ व्यवहार असा चाले. सरकारी परवाना दाखवला की गावचा मुख्य माणसे पुरवी. ती पुढच्या टप्प्यापर्यंत ओझे नेत आणि परत फिरत. तिथे दुसऱ्या गावची माणसे पकडली जात. मजुरी मिळाली तरी ती नाममात्र, आणि नकार देण्याची मुभा नसे. प्रवासाचा मोसम आणि शेतीचा हंगाम बहुधा एकच असल्याने, पीक उभे असताना शेतकऱ्याला परक्याच्या पेट्या उचलून निघावे लागे. इंग्रजी कागदांत या शेतकऱ्यांचा उल्लेख केवळ ‘कुली’ असा होतो.

१२/ बोर्नने आपल्या प्रवासांची वर्णने ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ या नियतकालिकात लेखमालांतून प्रसिद्ध केली. ती वाचनीय आहेत आणि अभ्यासकाला अस्वस्थही करतात. पर्वतांचे सौंदर्य टिपताना ज्याची लेखणी हळवी होते, तोच लेखक ओझी टाकून पळालेल्या हमालांवर काठी चालवल्याचे निःसंकोच सांगतो. ते का पळाले असतील, हा प्रश्न त्याला फारसा पडत नाही. थंडी, बर्फ आणि घरी सोडलेले शेत ही कारणे त्याच लेखांत व त्या काळच्या वस्तुस्थितीत समोरच आहेत.

१३/ त्याचे कष्ट खोटे होते असे मुळीच नाही. १८६४ मध्ये तो काश्मीरच्या दीर्घ प्रवासाला निघाला, तेव्हा हमालांची संख्या ४२ वर गेली होती. १८६६ मध्ये कुलू, लाहौल, स्पिती असे करीत तो सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत पोचला आणि गोठवणाऱ्या थंडीत तिथे ओल्या प्लेटवर छायाचित्रे घेतली. एवढ्या उंचीवरील छायाचित्रणाचा तो विक्रम पुढे सुमारे २० वर्षे टिकला. ग्रंथांत हा विक्रम एकट्या बोर्नच्या नावावर आहे. वस्तुतः त्या खिंडीत काचा, तंबू आणि रसायने घेऊन आणखी कितीतरी माणसे त्याच दिवशी चढली होती.

१४/ आता प्रश्न उरतो तो हे ओझे हलके कसे झाले, याचा. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली. इथरच्या वाफांनी त्याची स्वतःची प्रकृती बिघडली होती. म्हणून त्याला कलोडियनला पर्याय हवा होता. १८७० च्या दशकाअखेरीस कोरड्या प्लेटा बाजारात स्थिरावल्या. काच आता आधीच तयार करून नेता येई आणि घरी परतल्यावर धुता येई. डोंगरात तंबू व बाटल्या नेण्याचे कारणच संपले.

१५/ १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा ‘कोडॅक’ आला. गुंडाळीची फिल्म, १०० छायाचित्रांची सोय आणि हातात मावणारी पेटी. काचेचेही काम उरले नाही. पुढे जर्मनीत ऑस्कर बार्नाक याने चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा चिमुकला कॅमेरा घडवला. तो १९२५ मध्ये ‘लायका’ या नावाने विक्रीस आला. बार्नाकला दम्याचा विकार होता; प्लेटांचा जड कॅमेरा घेऊन भटकंती करणे त्याला झेपत नसे.

१६/ मॅडॉक्स आणि बार्नाक यांच्यातील साम्य लक्षणीय आहे. दोघांनाही साधनाचा जाच स्वतःच्या शरीरावर सोसावा लागला आणि दोघांनीही ते साधन बदलण्याचा मार्ग शोधला. शोधांना रसायनशास्त्र, बाजारपेठ, भांडवल अशी इतर कारणेही असतात, हे खरेच. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्याच्या हातात साधन आहे त्याच्याच छातीवर आणि खांद्यावर त्याचा भार पडला, की ते हलके करण्याची निकड त्याला जाणवते.

१७/ बोर्नला ती निकड तेवढी जाणवली नसावी. त्याच्या दृष्टीने वजनाचा प्रश्न सुटलेलाच होता. काचा वाढल्या की माणसे वाढत. ३० ची ४२ होत. मोठी काच हवी हा कलेचा निर्णय छायाचित्रकार घेई आणि त्याची किंमत सतलजकाठचा शेतकरी चुकवी. बोर्नच्या काही चित्रांत डोंगरासमोर मुंगीएवढी माणसे दिसतात. दृश्याची भव्यता कळावी म्हणून छायाचित्रकार अशी माणसे उभी करीत. त्यांची नावे मात्र कोणी नोंदवली नाहीत.

१८/ ज्यांनी ओझे वाहिले, त्यांनीच अखेर ते खाली ठेवले. १९२०-२१ च्या सुमारास सिमल्याच्या डोंगरांत, कोटगढ येथे स्थायिक झालेल्या सॅम्युएल स्टोक्स यांच्या पुढाकाराने बेगारीविरुद्ध चळवळ उभी राहिली. कोटगढ हे हिंदुस्थान–तिबेट मार्गाच्या परिसरातच येते. बोर्नचा पहिला प्रवास याच बाजूने झाला होता.

१९/ तिकडे कुमाऊँमध्ये जानेवारी १९२१ च्या उत्तरायणीच्या जत्रेत, म्हणजे आपल्या संक्रांतीला, बागेश्वर येथे हजारो लोक जमले. बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या उपस्थितीत लोकांनी यापुढे बेगार न करण्याची शपथ घेतली, आणि गावोगावच्या बेगारीच्या नोंदवह्या शरयू नदीत बुडवल्या. कोणाची पाळी कधी, कोणत्या घरातून किती माणसे, याचा हिशेब त्या वह्यांत असे. त्यांच्यासह ती सक्तीही बुडाली. कुमाऊँमध्ये सरकारला बेगार बंद करावी लागली.

२०/ २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने बेगारीला मनाई केली. संविधानाच्या इंग्रजी मजकुरातही ‘बेगार’ हा शब्द तसाच ठेवलेला आहे. ज्या डोंगरांत हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर वागवला गेला, तिथल्या माणसांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

२१/ आज सह्याद्रीत कॅमेरा घेऊन जाणारा भटक्या भिंगे मोजून घेतो. पिशवीचा पट्टा कमरेशी आवळून भार खांद्यावरून कमरेवर उतरवतो, जड तिपाई घरी ठेवावी का याचा दोनदा विचार करतो. हा विचार त्याला करावा लागतो, कारण पाठ त्याची स्वतःची आहे. मात्र हिमालयातील मोठ्या मोहिमांत आजही हमाल असतात. त्यांना मजुरी ठरवण्याचा आणि नकार देण्याचा हक्क आहे. तो १८६३ च्या तांड्यातील माणसांना नव्हता.

२२/ बोर्नची छायाचित्रे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि ती पाहण्यासारखीच आहेत. पाहताना एवढेच ध्यानात ठेवावे, की चित्राखाली नाव एकाचे असले तरी त्या ठिकाणी कॅमेरा पोचवणारी माणसे पुष्कळ होती. ती चौकटीच्या बाहेर, बहुधा ओझे उतरवून, दोन क्षण श्वास घेत बसलेली असत.

(समाप्त)