कृष्णाकाठचं खिद्रापूर

नृसिंहवाडीला जाणारे पुष्कळ, पण तिथून पुढे खिद्रापूरपर्यंत जाणारे थोडे. शिरोळ तालुक्याच्या टोकाचं हे छोटं गाव. कृष्णा त्याला वळसा घालून जाते आणि पलीकडे लगेच कर्नाटक. त्यामुळे या भागातल्या आपल्या जैन घरांत मराठी आणि कानडी एकाच चुलीवर शिजतात.

गावाची ओळख म्हणजे शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ. पुढचा स्वर्गमंडप 48 खांबांचा, मधोमध छताला गोल मोकळी जागा, वर नुसतं आभाळ. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही! तो नदीपलीकडे यडूरला आहे, असं लोक सांगतात.

मला मात्र तिथला शिलालेख जास्त आवडतो. माझं बी.कॉम.चं डोकं तिथेच अडकतं. यादव राजा सिंघणाने शिलाहार भोजाचा पराभव करून पन्हाळा घेतला, आणि तेराव्या शतकाच्या आरंभी याच देवळाला मिरज प्रांतातलं एक गाव दान दिलं. राज्य बदललं, पण देवाच्या खात्यात जमा चालूच राहिली. हरलेल्या राजाचं देऊळ म्हणून त्याने ते मोडलं नाही.

शिलाहारांची रीतच तशी होती. गंडरादित्याने मिरज भागात गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शंकर, बुद्ध आणि अर्हत् या तिघांची देवळं उभारली. खिद्रापुरातही कोपेश्वरापासून जवळच आदिनाथ भगवंतांची जुनी दगडी बस्ती आहे. तिथे गर्दी नसते. गाड्या कोपेश्वरापाशी थांबतात, फोटो निघतात आणि परत वळतात. आपलेच लोक असं करतात तेव्हा मला वाईट वाटतं.

नदीने या गावाला काळीभोर जमीन दिली, ऊस दिला. पण 2005, 2019 आणि 2021 चे महापूरही तिनेच आणले. 2019 मध्ये पाणी कोपेश्वराच्या देवळात शिरलं होतं. कोरीव दगड तग धरतो, पण माणसांना जनावरं सोडून, धान्याची पोती बांधून बाहेर पडावं लागतं. पाणी ओसरलं की तीच माणसं परत येऊन चिखल उपसतात, आधी चूल लावतात.

जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, तेव्हा नदी शांत असते. आणि बस्तीत सामायिकापुरती 48 मिनिटं तरी बसा.