शंभरांत चाळीस खुर्च्या

मोठ्या कंपनीचा कारभार कोण चालवितो असें विचारलें, तर बहुतेक लोक तिच्या व्यवस्थापकाचें नांव सांगतील. परंतु त्या व्यवस्थापकाची नेमणूक करणारें, त्याचें वेतन ठरविणारें, नवा कारखाना काढावा कीं जुना विकावा याचा निर्णय देणारें आणि प्रसंगीं त्यालाच घरीं पाठविणारें जें पांचदहा जणांचें मंडळ बंद दाराआड बसतें, तें म्हणजे संचालकमंडळ. कायद्याप्रमाणें संचालकांची निवड भागधारक करतात. व्यवहारांत मात्र रिकाम्या खुर्चीवर कोणास बसवावें हें आधीं बसलेले लोकच सुचवितात व भागधारक त्यावर मान डोलावतात. सुचविणारा मनुष्य आपल्या बरोबर शिकलेल्या, आपल्याच क्लबांत भेटणाऱ्या माणसाचें नांव घेतो. यांत कपट असतेंच असें नाहीं. संवय पुरेशी असते. या संवयीमुळें विसावें शतक संपलें, तरी जगांतील बहुतेक संचालकमंडळांत स्त्री अपवादानेंच दिसे.

नॉर्वेच्या बाबतींत ही गोष्ट अधिक नवलाची होती. त्या देशांत १९७८ सालीं स्त्रीपुरुष-समानतेचा कायदा झाला. १९८६ सालीं ग्रो हार्लेम ब्रुंटलांड या पंतप्रधान झाल्या, तेव्हां त्यांच्या अठरा जणांच्या मंत्रिमंडळांत आठ स्त्रिया होत्या. १९८८ पासून सरकारी समित्यांवर दोन्ही बाजूंचे निदान शेंकडा चाळीस सभासद असावेत, असा नियम झाला. असें असूनही २००२ च्या सुमारास मोठ्या खासगी कंपन्यांच्या मंडळांवर शंभर जागांमागें जेमतेम सहासात स्त्रिया आढळत. राज्याची दोरी स्त्रीच्या हातीं देण्यास जो समाज कचरला नाहीं, तोच कागदाच्या गिरणीचा ताळेबंद तिच्यापुढें ठेवण्यास कचरत होता.

ही कोंडी फोडण्याचें काम एखाद्या समाजवादी पुढाऱ्याकडून झालें असतें, तर कोणास आश्चर्य वाटलें नसतें. तें केलें हुजूर पक्षाच्या एका मंत्र्यानें. आन्स्गार गाब्रिएल्सेन हे त्या वेळीं व्यापार व उद्योग खात्याचे मंत्री होते. फेब्रुवारी २००२ मध्यें त्यांनीं एका खपाऊ वृत्तपत्रास मुलाखत दिली, आणि उद्योगधंद्यांतील या पुरुषी मक्तेदारीचा आपणांस वीट आला असून आतां कायद्याचा बडगा उचलावा लागेल, असें बोलून टाकलें. सहकारी मंत्र्यांचा सल्ला त्यांनीं घेतलेला नव्हता. त्यांचा पक्ष तर असल्या सक्तीच्या विरुद्धच होता. चर्चेस घातला असता तर हा प्रस्ताव समित्यांच्या दप्तरांत निजला असता, हें त्या मनुष्यानें ओळखलें होतें. सकाळीं वर्तमानपत्र लोकांच्या हातीं पडलें आणि सरकारला मागें फिरणें अवघड झालें.

डिसेंबर २००३ मध्यें कायदा झाला. त्याची भाषा ध्यानांत घेण्याजोगी आहे. ‘स्त्रियांस चाळीस जागा’ असें तो म्हणत नाहीं. मंडळांत स्त्री किंवा पुरुष यांपैकीं कोणाचेंही प्रमाण शेंकडा चाळीसांहून कमी नसावें, असें तो म्हणतो. तीन जणांचें मंडळ असेल तर दोन्हींपैकीं निदान एक, पांचांचें असेल तर दोन, आठांचें असेल तर तीन, नऊंचें असेल तर चार, असा हिशेबही त्यांत घालून दिला आहे. सरकारी मालकीच्या कंपन्यांना तो २००४ च्या आरंभापासून लागू झाला. ज्यांचे भाग सर्वांस विकत घेतां येतात अशा खासगी कंपन्यांपुढें एक उदार अट ठेवली गेली: जुलै २००५ पर्यंत आपखुशीनें हें प्रमाण गांठा, म्हणजे सक्ती करणार नाहीं. कंपन्यांनीं तें गांठलें नाहीं. तेव्हां २००६ च्या आरंभीं सक्ती अमलांत आली व जुन्या कंपन्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. न पाळणाऱ्यास शिक्षा होती ती दंडाची नव्हे, तर कंपनी विसर्जित करण्याची. एवढी कडक शिक्षा फांशीच्या दोरासारखी असते. ती वापरावी लागत नाहीं, दिसली तरी पुरे. २००८ चा वसंत येईपर्यंत सर्व कंपन्या वळणावर आल्या आणि एकही कंपनी विसर्जित झाली नाहीं.

विरोधकांचा मुख्य आक्षेप असा होता कीं, इतक्या योग्य स्त्रिया मिळणारच कोठून? मौज अशी कीं, कायद्यास विरोध करणाऱ्या मालकांच्या संघानेंच पुढें होतकरू स्त्रियांना संचालकपदासाठीं तयार करणारा शिक्षणक्रम काढला. शोधणाऱ्यास सांपडूं लागल्या. मारियान बर्ट्रांड व त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या अभ्यासांत, कायद्यानंतर आलेल्या संचालिका आधींच्या संचालिकांपेक्षां शिक्षणानें व अनुभवानें कमी नव्हे, तर सरस होत्या, असें आढळलें. कांहीं जणींना एकाच वेळीं अनेक मंडळांवर जागा मिळाल्या. त्यांना ‘सोनेरी परकर’ असें कुत्सित नांव पडलें. पुरुष संचालक पिढ्यानपिढ्या दहादहा मंडळांवर बसत आले होते. त्यांच्या पाटलोणींना कोणीं नांव ठेवल्याचें ऐकिवांत नाहीं.

कायद्यानें नुकसान झालें काय, या प्रश्नावर मात्र एकमत नाहीं. केनेथ अहर्न व एमी डिटमार यांनीं २०१२ सालीं दाखविलें कीं, कायद्याची वार्ता फुटतांच कंपन्यांच्या भागांच्या किंमती उतरल्या. पुढें दुसऱ्या अभ्यासकांनीं तेच आंकडे तपासून हा निष्कर्ष टिकत नाहीं असें म्हटलें. शिवाय कित्येक कंपन्यांनीं आपलें कायदेशीर रूपच बदलून या नियमाच्या कक्षेबाहेर पाय काढला. त्याचीं कारणें अनेक होतीं, पण पळवाट होती एवढें खरें. ती बुजविण्यासाठीं नॉर्वेनें २०२३ च्या अखेरीस मोठ्या बंद भांडवलाच्या कंपन्यांनाही टप्प्याटप्प्यानें हाच नियम लावण्याचें ठरविलें. याहून मोठी निराशा दुसरीच होती. वरच्या खोलीत स्त्रिया बसल्या म्हणजे खालच्या मजल्यावरील स्त्रियांना आपोआप वाट मिळेल, ही आशा फळली नाहीं. बर्ट्रांड यांच्या अभ्यासांत तसा परिणाम दिसला नाहीं, आणि मुख्य अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बहुतेक ठिकाणीं पुरुषच राहिले.

नॉर्वेचें उदाहरण इतर देशांनीं आपापल्या परीनें उचललें. फ्रान्स व इटली यांनीं २०११ सालीं कायदे केले. हिंदुस्थानांत २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १४९ व्या कलमांत, शेअरबाजारांत नोंदलेल्या व इतर ठराविक आकाराच्या सार्वजनिक कंपन्यांच्या मंडळावर निदान एक स्त्री असावी, अशी तरतूद आली. मंडळ पांचांचें असो वा पंधरांचें, स्त्री एकच. शेवटची मुदत जवळ आली तेव्हां अनेक ठिकाणीं ही जागा मालकाच्या पत्नीनें, कन्येनें किंवा मातोश्रींनीं भरून निघाली.

नात्याच्या दारानें आलेली स्त्री शोभेपुरतीच असते असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. मुंबईच्या सिंदिया आगबोट कंपनीचा इतिहास याची साक्ष देतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी यांच्या पुढाकारानें १९१९ सालीं निघालेली ही कंपनी इंग्रज आगबोटवाल्यांशीं झुंजत वाढली. सुमतीबाई मोरारजी या नरोत्तमशेटजींच्या सूनबाई. त्या तरुणपणींच कचेरींत येऊं लागल्या आणि जहाजांचा धंदा मुळापासून शिकल्या. १९५६ सालीं देशांतील आगबोटमालकांच्या संघटनेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, आणि १९७१ सालीं त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. तेथें नात्यानें फक्त दार उघडलें होतें. पुढील चाल त्यांची स्वतःची होती. कायद्याची मुदत सांभाळण्यासाठीं रातोरात भरलेल्या खुर्चीला ही वर्षांची उमेदवारी लाभलेली नसते.

शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘सेबी’नें २०१८ सालीं हा फरक ओळखला. मोठ्या कंपन्यांच्या मंडळावर बसणारी निदान एक स्त्री ‘स्वतंत्र’ संचालिका असावी, म्हणजे मालकांची नातलग नसावी, असा नियम तिनें केला. पहिल्या पांचशें कंपन्यांस तो १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या हजारांस १ एप्रिल २०२० पासून लागू झाला.