लाभवाटप, वनसंवर्धनातील

जंगल राखणाऱ्या गावाला त्या जंगलाचे उत्पन्न आणि त्यावरचा अधिकार न्याय्य रीतीने मिळण्याची व्यवस्था. नुसती रोजंदारी म्हणजे लाभवाटप नव्हे. माल कधी तोडायचा, कोणाला आणि काय भावाने विकायचा, हे गाव ठरवू शकते का, ही त्याची कसोटी आहे.

भारतातील पहिला गाजलेला प्रयोग पश्चिम बंगालमधील अरबारीचा (1972). वनाधिकारी अजित कुमार बॅनर्जी यांनी साल वृक्षांचे उजाड रान गावकऱ्यांच्या राखणीने सावरले आणि निव्वळ उत्पन्नाचा 25 टक्के हिस्सा त्यांना देऊ केला. 1990 मध्ये केंद्राने व 1992 मध्ये महाराष्ट्राने संयुक्त वनव्यवस्थापन स्वीकारले. मात्र त्यासाठी गावात नेमलेल्या वनसमितीचा सचिव वनखात्याचाच असल्याने हिस्सा खात्याच्या मर्जीवर राहिला.

2006 च्या वनहक्क कायद्याने हे चित्र पालटले. बांबू आणि तेंदू गौण वनोपज ठरले, त्यांची मालकी ग्रामसभेकडे आली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू वाहून नेण्याचा परवाना वनखातेच देणार, असा आग्रह होता. परवान्याविना हक्क कागदावरच राहिला असता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा यांचे नेतृत्व, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची गावाची जुनी सवय, हे सारे त्यामागे होते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने 2012 मध्ये हक्क मिळवला आणि त्यापुढचे पाऊल टाकले: तेंदूपानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, वणवे लावले जातात, म्हणून हाती येणारे उत्पन्न सोडून त्याने पानतोडच थांबवली. अधिकार मिळाला की गाव जंगल ओरबाडते, या शंकेला याहून स्पष्ट उत्तर नाही.

औषधी वनस्पतींबाबत 2002 चा जैवविविधता कायदा लागू होतो. त्यानुसार भारतीय कंपन्यांनाही लाभातला वाटा द्यावा लागेल, असे उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठरवले. 2023 च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला सूट मिळाली. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत बाळहिरडा (आयुर्वेदात वापरला जाणारा कोवळा हिरडा) वेचणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांच्या दृष्टीने ही सूट चिंतेची आहे.

पुणे जिल्ह्याच्या भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत गावांनी देवराया (देवाच्या नावाने राखलेली राने) पिढ्यान्‌पिढ्या राखल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतील अशा रायांचा अभ्यास केला. या राखणीचा मोबदला मात्र गावांना क्वचितच मिळाला. वनहक्क कायद्याचा मार्ग त्यांनाही खुला आहे; पण भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावातील बिगर-आदिवासी कुटुंबांना वनहक्कासाठी 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तेथे राहून वनावर उपजीविका अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. त्यासाठी जुने गावदप्तर आणि वडीलधाऱ्यांचे जबाब पुरावा म्हणून चालतात. दाव्याची सुरुवात ग्रामसभेच्या वनहक्क समितीपासून होते.