बंब : न्हाणीघरातील अग्नीचा इतिहास

भंडाऱ्याजवळील जवाहरनगर ही वसाहत १९६०च्या दशकात दारूगोळा कारखान्याबरोबर उभी राहिली. नोकरीच्या निमित्ताने दूरदूरचे कामगार सहकुटुंब तेथे येऊन राहिले, आणि समुद्रकाठच्या उबदार हवेत वाढलेल्यांना विदर्भातील थंडीची ओळख पहिल्याच नाताळात झाली. ही थंडी किती कडक असते, याची कल्पना २०१८च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता यावरून यावी. अशा पहाटे मिस्सेला निघण्यापूर्वी घरादाराच्या आंघोळी उरकायच्या, तर घरात बंब हवा. भंडारा हे तर पितळी भांड्यांसाठी नावाजलेले शहर. तेव्हा बंबाचा इतिहास सांगण्यास याहून योग्य गाव कोणते?

प्रथम शब्दाकडे पाहू. पोर्तुगीज भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पंप. त्यावरून आपला ‘बंब’ आला, असे मानतात. आग विझविणाऱ्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो. एक बंब आग पेटवून घेतो, दुसरा ती विझवितो, आणि मराठी माणसाचा दोहोंत कधी घोटाळा होत नाही! बालदी, पिंप, घमेले हे शब्दही त्याच भाषेतून आलेले. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. त्या दोनशे वर्षांच्या खुणा आपण चर्चच्या भिंतींत आणि किल्ल्याच्या बुरुजांत शोधीत जातो. त्या न्हाणीघरातही आहेत, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

बंबापूर्वी काय होते? चुलवण आणि त्यावर चढविलेला हंडा. गोव्यात न्हाणीच्या चुलीवर कायमचे बसविलेले तांब्याचे ‘भाण’ असे. रोसाच्या विधीनंतर नवरदेवाच्या अंगावरील नारळाचा रस उतरविण्यास लागणारे ऊन पाणी अशाच भांड्यांतून येई. परंतु चुलीवरील हंड्यात एक मोठा तोटा होता. आच हंड्याच्या बुडाला लागे आणि उरलेली ज्वाळा बाजूंनी निसटून वाया जाई. बंबाने ही उधळपट्टी थांबविली. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक नळा असतो. नळ्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडण्याची जागा, आणि नळ्याभोवती चहूबाजूंनी पाणी. लाकडाच्या ढलप्या, करवंट्या, पऱ्हाट्या, तुराट्या असे जे हाती येईल ते वरून नळ्यात टाकावे. अग्नी पाण्याच्या पोटात बसल्यामुळे मूठभर जळणावर घराची आंघोळ होई. रशियातील चहाचा सामोवार याच युक्तीवर चालतो.

पुण्याच्या तांबट आळीत असे बंब घडविले जात. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने मठाराचे ठोके घालून कारागीर त्याला आकार देई व कणखरपणा आणी. या वस्तूला दुखणी थोडी, पण ठराविक. धूर होऊ लागला, की समजावे जाळी राखेने तुंबली आहे; खालून वारा मिळत नाही. पाणी तापण्यास वेळ लागू लागला, तर नळ्याला आतून काजळी आणि पाण्याच्या बाजूने क्षारांचा पांढरा थर धरला असणार. सर्वांत वाईट दुखणे म्हणजे गळती, आणि ती बहुधा घरच्यांच्याच चुकीने होई. बंबात पाणी आहे तोवर धातूची उष्णता पाणी ओढून घेते. खालची तोटी सोडून सगळे पाणी काढले आणि आत निखारा तसाच राहिला, की सांध्यांची डाख वितळते. म्हणून जुन्या घरांत दंडक असे, की जितके ऊन पाणी काढाल तितके गार पाणी आधी ओता. अशा दंडकांची कारणे मुलांना सांगण्याची पद्धत नव्हती. सांगितली असती तर बरे झाले असते, कारण पुढे बंबाबरोबर दंडकही गेले.

बंब गळे, पण फुटत नसे. त्याचे तोंड मोकळे असते. बंद भांड्यातील वाफेची गोष्ट निराळी. पाण्याची वाफ होताना ती सुमारे १,६०० पटींहून अधिक जागा मागते. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात झालेल्या बॉयलरच्या भीषण स्फोटानंतर बंगालमध्ये कायदा झाला, देशभरासाठी १९२३चा कायदा आला, आणि २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. कोंडलेल्या शक्तीचे मोल जवाहरनगराला सांगावे लागत नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथील कारखान्यात झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले. त्या कुटुंबांचे स्मरण येथे केल्यावाचून पुढे जाणे उचित नव्हे.

आता गीझर. हा शब्द आइसलँडमधील उसळत्या उष्ण झऱ्यावरून आला. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन याने गॅसवर पाणी तापविणारे यंत्र काढून त्यास हे नाव दिले. यंत्र चतुर होते, परंतु त्यास धुराडे नव्हते. जळलेला वायू न्हाणीघरातच राही. हीच चूक आपण शंभर वर्षांनी आपल्या घरांत पुन्हा केली. जुन्या वाड्यांत आणि वसईच्या घरांत बंब मागील दारी, पडवीत किंवा अंगणात असे. अग्नी बाहेर आणि मनुष्य आत. पुढे सदनिका आल्या, पडवी गेली. गॅसचा गीझर लहानशा न्हाणीघरात भिंतीवर चढला आणि थंडी आत येऊ नये म्हणून खिडकीही बंद झाली. अपुऱ्या हवेत गॅस जळला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. डोके जड होते, पाय लटपटतात, आणि कडी काढण्याचे बळ उरत नाही. आंघोळीस गेलेली तरुण मुले बाहेरच आली नाहीत, अशा बातम्या महाराष्ट्रात हिवाळ्यामागून हिवाळे छापून येतात. निखाऱ्यांची शेगडी न्हाणीत नेणेही तितकेच घातक. धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक वाटतो, आणि तेथेच घात होतो.

विजेच्या गीझरला धूर नाही, पण त्याचे भांडे बंद आहे. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेले, तर ते सुमारे ४०० मिलिलिटर फुगते. म्हणून सुरक्षा झडपेतून पाणी तापताना थोडे थेंब गळतात. त्यांचा त्रास होतो म्हणून झडपेच्या तोंडात बुच ठोकणारे महाभाग मी पाहिले आहेत! आतून शीळ घातल्यासारखा आवाज येत असेल, तर कॉइलवर क्षार चढले आहेत. बंबाचेच जुने दुखणे. पाण्याला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर मात्र गीझरच नव्हे, मुख्य बटण बंद करून वायरमनला बोलवावे.

बंब बहुतेक घरांतून मोडीत गेले. तांबे वजनावर विकले गेले, आलेल्या पैशांत स्टीलची भांडी आली. काही घरांत ते आता दिवाणखान्यात उभे असतात, चिंचेने लख्ख घासलेले, नळ्यात कागदी फुले खोवलेले. जवळ जाऊन जाळी पाहिली तर तिच्या कडांना अजून राख असते.