नैसर्गिक वायूची वाहतूक : सुरक्षा आणि ऊर्जाबचत
राष्ट्रीय राजधानी क्षेत्राला नैसर्गिक वायू ‘गेल’च्या हाजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीच्या जाळ्यातून मिळतो. वाटेत घर्षणामुळे वायूचा दाब घटतो. तो पुन्हा वाढविणाऱ्या कॉम्प्रेसर केंद्रांत वाहिनीतीलच काही वायू इंधन म्हणून खर्च होतो. ‘पिग’ हे उपकरण वाहिनीतून फिरवून साचलेला गाळ व पाणी बाहेर काढले की घर्षण कमी होते आणि इंधन वाचते. संवेदक बसविलेला पिग गंजाने झिजलेले भागही शोधतो. गंज किती घातक ठरतो, हे २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम येथे दिसले. वायूतील पाण्यामुळे आतून गंजलेली ‘गेल’ची वाहिनी फुटून लागलेल्या आगीत २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. वाहिनी स्वच्छ व कोरडी राखणे ही ऊर्जेची बचत आहे, तशीच जीवितरक्षणाची पहिली अटही आहे.