लहानशा तारेचा मोठा हिशेब

आमच्या सांगोल्यासारख्या कोरड्या मुलखांत पाट लांब व अरुंद असला, कीं शेवटच्या वाफ्यास पाणी उशिरां पोंचतें. विजेचेंही तसेंच आहे. ओमनें १८२७ सालीं रोधाचा नियम प्रसिद्ध केला. १९५८-५९ मध्यें किल्बी व नॉइस यांनीं एकाच तुकड्यावर सारें विद्युन्मंडल बसविण्याची युक्ति काढली. प्रारंभीं विलंब मुख्यतः ट्रॅन्झिस्टरांचा असे. आंतील तारांचा रोध उपेक्षिला तरी चाले. पुढें तारा अरुंद होत गेल्या आणि संदेश रेंगाळूं लागला. घडलेल्या चिपेंतील तार मागाहून रुंद करितां येत नाहीं. म्हणून आराखड्यावरूनच रोध काढणें भाग पडलें.

रीत सोपी आहे. पट्टीच्या रुंदीएवढे चौरस पाडून ते मोजावे. एकाच थरांतील चौरस लहान असो वा मोठा, रोध सारखाच. दहा चौरसांस दसपट. परंतु लक्षावधि पट्ट्या हातानें कोण मोजणार? बर्कले येथें ऑस्टरहाउट व त्यांचे विद्यार्थी यांनीं ‘मॅजिक’ हें आराखड्याचें साधन रचलें. अशा प्रत्येक साधनाची आज्ञाभाषा निराळी व तोकडी. म्हणून १९८८ मध्यें ऑस्टरहाउट यांनीं ‘टिकल’ ही सर्वांस उपयोगी भाषा निर्मिली. ती पुढें ‘मॅजिक’मध्येंही आली. आज्ञा एकदां क्रमवार लिहिल्या, कीं यंत्र सर्व रोध काढून देतें. अशा आंकड्यांवरून मंडलाची वागणूक ताडून पाहण्याचें गणित आयआयटी मुंबईच्या ‘ईसिम’मध्यें ‘एन्जीस्पाइस’ करितें.

लिहिलेल्या रीतींत चूक असेल, तर तीही लक्षपट होते. परंतु ती दुसऱ्यास वाचून सुधारतां येते. मनांतल्या अंदाजास ही सोय नाहीं.